भैरवीच्या आधी

फोन मी शाळेच्या मधल्या सुट्टीत केला होता. व्हरांड्यात पोरांचा गलका, हातात डब्याचं झाकण, आणि वहीच्या मागच्या पानावर आदल्या रात्री लिहून ठेवलेले चार प्रश्न. दारापर्यंत पायऱ्या किती? रॅम्प आहे का, आणि तो कुठून सुरू होतो? स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे? चाकाची खुर्ची आत नेमकी कुठं उभी करता येईल? जिल्ह्याच्या गावातल्या सभागृहात गाण्याची मैफल होती. फार दिवसांनी कुणीतरी ख्याल गायला आमच्याकडं येणार होतं आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पेपरातली ती जाहिरात कापून पेटीच्या झाकणावर ठेवली होती. फोनवरचा माणूस भला होता. माझा पहिला प्रश्न पुरता व्हायच्या आतच म्हणाला, "ताई, तुम्ही काळजीच करू नका. आपली चार पोरं दारातच उभी राहतेत. खुर्चीसकट उचलून नेतेत अण्णाला आत." मी पुन्हा विचारलं, पायऱ्या किती आहेत? तो हसला. "अहो, किती का असंनात! तुम्ही फक्त या." आभार मानून मी फोन ठेवला. वहीतले चारही प्रश्न जसेच्या तसे कोरे राहिले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उजव्या हातानं ते कात्रण उचललं, घडी घालून खिशात ठेवलं.

"मग मला नाही यायचं, माय."

हे वाक्य मला पुढं कितीतरी दिवस सलत राहिलं. रागावून म्हटलं असतं तर मी समजूत काढली असती. पण ते अगदी साध्या आवाजात होतं, जेवायला अजून भाकरी नको म्हणावं तसं. समोरच्या माणसानं मदत देऊ केली होती, तीही मनापासून. आमच्या भागात हे नवीन नाही. रस्त्यात गाडी बंद पडली की चार माणसं न बोलावता धक्का द्यायला येतात. म्हाताऱ्याला हात धरून बसमध्ये चढवतात, जागा करून देतात. अशा मायेच्या माणसांच्या गावात राहून मी तक्रार तरी कशाची करायची, हे मला तेव्हा मांडता येत नव्हतं. आजही नीट येतं की नाही कोण जाणे, म्हणूनच लिहायला बसले आहे.

सहा वर्षांपूर्वी अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. वाचा वाचली, स्मरण वाचलं, उजवा हात वाचला. त्यानंतर वर्षभरातच नात्यातलं एक लग्न होतं आणि जेवणाची पंगत मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होती. चार भाचे धावत आले. "एक, दोन, तीन" म्हणत खुर्ची उचलली, आणि अण्णा जिन्यातून वर जाऊ लागले. मी खालून बघत होते. धोतराचा सोगा सुटून लोंबत होता, खुर्ची एका बाजूला कलली होती, आणि अण्णांचा उजवा हात एका भाच्याच्या सदऱ्यात घट्ट रुतला होता. जिन्यावरचे सगळे पाहुणे भिंतीला टेकून वाट देत होते, कुणी "सांभाळा, सांभाळा" म्हणत होतं, एकानं तर मोबाइल काढला होता. वर पोचल्यावर टाळ्या वाजल्या. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या अण्णा म्हणाले, "पेटी उचलतेत तसं उचललं मला. पेटीला तरी आधी भात्याची खिट्टी लावतेत." त्यानंतर ते कुणाच्या लग्नाला गेले नाहीत.

पेटी हा त्यांचा जीव. गोदाकाठच्या आमच्या गावात भजनी मंडळाची पेटी तेच वाजवायचे, शाळेत मास्तरकी करून उरलेल्या सगळ्या वेळात. मार्गशीर्षात अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव असायचा, तिथं दोन-दोन रात्री घोंगडीत गुंडाळून बसायचे आणि परत आले की आठवडाभर घरात कुणाच्या ना कुणाच्या ताना घुमायच्या. नाथराव नेरळकरांचं गाणं त्यांनी समोर बसून ऐकलेलं. त्यांचं नाव घेताना अजूनही कानाच्या पाळीला हात लावतात. आजारपणानंतर पेटीवर चादर पडली, कारण भाता डाव्या हाताचा. उजव्याची बोटं पट्ट्यांवर धावायला तयार आणि आत हवाच नाही. एका संध्याकाळी मी नुसती जवळ बसले होते तर म्हणाले, "भाता मार की जरा." मी मारला. पहिले काही दिवस माझा हात घाई करायचा, सूर फुगायचा, मध्येच दम तुटायचा. ते मान न वळवता सांगायचे: हळू, आता सोड, आता भर. हळूहळू मला त्यांच्या बोटांवरून कळायला लागलं की कधी हवा जास्त लागणार. आता आम्ही रोज संध्याकाळी बसतो. त्यांचा अर्धा हात माझ्याकडं असतो आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

तोच माणूस जिन्यात उचलल्यावर वर्षानुवर्षं घराबाहेर पडत नाही, याचा मेळ मला लागत नव्हता. मग एकदा भाता मारता मारता लक्षात आलं की इथं "आता भर, आता सोड" हे ते म्हणतात. जिन्यात "एक, दोन, तीन" दुसऱ्यानं म्हटलं होतं.

त्यांना पेटी शिकवणारे मास्तर जन्मांध होते. मी त्यांना अगदी लहानपणी पाहिलंय. आवळ्याच्या तेलाचा वास आणि खांद्यावर कायम एक पंचा, एवढंच आठवतं. बाकी सगळं अण्णांकडून ऐकलेलं. दुसऱ्या गावची भजनी मंडळी सप्ताहाला आली की वेशीवर त्यांना घ्यायला मास्तर जायचे आणि चालता चालता देवळाची सगळी वाट सांगायचे. पारापासून डावीकडं वळा. नाली उघडी आहे, पाय लांब टाका. देवळाला तीन पायऱ्या, मधली हलते. उंबरा गुडघ्याइतका आणि वरची चौकट बुटकी, मान लववा. सभामंडपात उजव्या खांबापाशी बसलात तर पखवाज कानात घुमतो, पेटी ऐकायची तर डाव्या हाताला सरका. डोळस लोकांना हे कशाला सांगता, असं कुणी म्हटलं तर ते म्हणायचे, अंधार पडल्यावर तुम्ही पण माझ्याच जातीचे. अण्णांना हे सारं पाठ आहे, अभंगासारखं. त्या देवळात पायऱ्या होत्या, उंबरा होता, बुटकी चौकट होती, काहीएक सोपं नव्हतं. पण काय आहे ते आधी कळायचं. मग यायचं की नाही, कसं यायचं, कोणाला बरोबर घ्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

मैफलीला चार दिवस होते. शनिवारी शाळा सकाळची. दुपारी पर्समध्ये शिलाईमशीनच्या खणातला टेप टाकला आणि अण्णांना न सांगता सभागृहावर गेले. ऊन रणरणत होतं, आवारात चिटपाखरू नाही. पायऱ्या मोजल्या: ९. प्रत्येक सहा इंचांची. बाजूला रॅम्प होता, म्हणजे बांधताना कुणाच्या तरी मनात ते आलं होतं. पण त्याच्या तोंडाशी दोन मोटारसायकली उभ्या आणि वरच्या टोकाला साखळी. मी गणित शिकवते, त्यामुळं तिथंच उन्हात उभी राहून हिशोब केला. खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण १:१२ असतं. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. ९ पायऱ्यांची उंची ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट. त्याला ५४ फूट लांबीचा उतार लागेल, मध्ये दम घ्यायला सपाट जागा सोडून. टेपनं मोजला तर तो रॅम्प होता १४ फुटांचा. म्हणजे जवळपास १:३. त्यावरून खुर्ची वर ढकलायला दोन दणकट माणसं लागतील, आणि उतरताना काय होईल याचा विचारसुद्धा नको. आतल्या स्वच्छतागृहाचं दार २४ इंच भरलं. अण्णांची खुर्ची २५ इंचांची आहे.

एक इंच. मी तो टेप तिथं दोनदा धरून बघितला.

तेवढ्यात वॉचमनमामा आले. काय चोरायला आलीय असं वाटलं असावं त्यांना. मी सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मागून या की." सभागृहाला वळसा घालून त्यांनी मला मागच्या बाजूला नेलं. तिथं मोठं शटर होतं. नाटकाचं नेपथ्य आणि साउंडवाल्यांचं सामान उतरवायला टेम्पो तिथं लागतो. जमिनीपासून आतपर्यंत एक लांबलचक, सावकाश चढणारा उतार, घोटीव कोब्याचा. त्या मोठमोठ्या स्पीकरच्या पेट्यांना खाली चाकं असतात, त्या इथूनच अलगद ढकलत नेतात, एक धक्का बसत नाही. आत गेल्यावर विंगेच्या शेजारून एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला पडदा बाजूला केला की पहिल्या रांगेच्या डाव्या अंगाला आपण हजर. तिथं चार खुर्च्यांएवढी मोकळी जागा होती. सगळीकडं टेप लावला, सगळीकडून २५ इंच सुखानं जात होते. मामांना सगळं ठाऊक होतं. कुठला दिवा कधी बंद असतो, कुठं वायरी आडव्या येतात, कुठल्या वळणावर उंदरांमुळं पत्रा ठोकलाय आणि तो किंचित वर आलाय. "मामा, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?" त्यांनी खांदे उडवले. "विचारतंय कोण, बाई?"

परत येताना रिक्षात माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं होतं. जागा होती, रस्ता होता, माहितगार माणूस होता. नव्हता तो फक्त एक कागद, ज्यावर हे लिहिलेलं असेल. आणि तो नसल्यामुळं माझे वडील खिशात कात्रण घेऊन घरी बसणार होते.

कायद्याचं मी नंतर वाचलं, शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी दिलेल्या झेरॉक्सवरून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. २९ वं कलम खास संस्कृती आणि करमणुकीचं. म्हणजे गाणं ऐकायला जाणं ही कायद्यालाही चैन वाटलेली नाही. ४५ व्या कलमात आधीपासूनच्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करा म्हटलंय. ही मुदत नियम निघाल्यापासून मोजायची, आणि नियम निघाले जून २०१७ मध्ये. बोटांवर मोजा. एका दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली या विषयावर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती, तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. न्यायालयानं सांगितलं, कायदा बंधनकारक मानकं मागतो आणि सरकारचा नियम नुसत्या शिफारशींवर भागवतो, हे चालणार नाही. १९ वर्षं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या माणसाचा दम बघ."

सरकारी मराठीत याला सुगम्यता म्हणतात. हा शब्द मला आधी जड वाटला, पण अण्णा म्हणाले, अगं, सुगम संगीतातलाच सुगम की तो! परभणी आकाशवाणीवर सुगम संगीत लागलं की आमच्या घरात भांडी घासायची थांबायची. जिथं सहज जाता येतं ते सुगम. तेव्हापासून तो शब्द मला आपला वाटायला लागला.

आणि प्रश्न काही एकट्या चाकाच्या खुर्चीचा नाही, हे त्या चार दिवसांत मला जास्त दिसलं. मावशीला श्रवणयंत्र आहे. सभागृहात तिला गाण्यापेक्षा खुर्च्यांची करकर आणि लोकांचं कुजबुजणं मोठं ऐकू येतं, म्हणून तिनं मैफली सोडल्या. काही सभागृहांत जमिनीतून तारेचा एक वेढा फिरवलेला असतो. यंत्र ‘टी’ या खुणेवर केलं की स्टेजवरच्या माइकचा आवाज थेट कानात येतो, मधला गोंगाट गळून पडतो. कुठं तो आहे आणि कुठं नाही, हे मावशीला सांगणार कोण? माझ्या वर्गातल्या एका मुलाला अचानक मोठा आवाज झाला की सोसत नाही, पण तबल्याचं त्याला वेड आहे. त्याच्या आईला फक्त एवढंच कळायला हवं की पोराला घेऊन दहा मिनिटं शांत बसता येईल अशी खोली आहे का. गुडघे गेलेल्या बायका तर घरोघर आहेत. भारतीय बैठक असं छापलं की त्या जाहिरात वाचून पान उलटतात. मागं भिंतीकडेला दहा खुर्च्या मांडल्यात एवढं त्याच जाहिरातीत छापलं असतं तर त्यातल्या निम्म्या तरी आल्या असत्या. यातलं काहीही बांधायला लागत नाही. लिहायला लागतं.

अण्णांना तयार करायला मला फार बोलावं लागलं नाही. मी वही पुढं ठेवली: शटरची रुंदी, उताराची लांबी, बोळ, वर आलेला पत्रा, पडदा, मोकळी जागा. आणि खाली: स्वच्छतागृहात खुर्ची जात नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं, उजव्या हाताच्या तर्जनीनं एकेक ओळ दाबत. मग म्हणाले, "दुपारी तीनपासून पाणी पीत नाही मी. चल." मला वाटलं होतं ते शेवटचं वाक्य बघून पुन्हा नको म्हणतील. उलट त्यावरच त्यांचं बोट सगळ्यात जास्त वेळ थांबलं होतं. खरं सांगितलेलं ‘नाही’ त्यांना चाललं. त्यावर त्यांना काही उपाय करता येत होता, त्रासाचा का असेना.

संध्याकाळी रिक्षावाल्यानं खुर्ची घडी करून मागं बांधली. सभागृहाच्या पुढच्या बाजूला रोषणाई, अत्तर, गजरे, फोटो. आम्ही वळसा घालून मागच्या अंधाऱ्या बोळात शिरलो. मला वाईट वाटत होतं, दिवे आणि माणसं सोडून कचऱ्याच्या ड्रमाशेजारून वडिलांना नेताना. अण्णा मात्र शांत होते. म्हणाले, "नामदेवरायाला औंढ्याला मागंच पाठवलं होतं, माय." आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. कीर्तनाची अडचण होते म्हणून नामदेवांना देवळाच्या मागं जायला सांगितलं आणि देऊळच फिरलं, त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं. एरवी मी ही गोष्ट शंभरदा ऐकलीय. त्या बोळात ऐकताना अंगावर काटा आला. मामांनी शटर वर केलं. पत्र्यापाशी आल्यावर अण्णा स्वतःच म्हणाले, "इथं हळू."

गाण्याबद्दल मी काय लिहू? यमनचा बडा ख्याल सुरू झाला तेव्हा आम्ही गायकापासून पंधरा हातांवर होतो. तानपुऱ्यांची ती गुंजन अंगावर येत होती, गायकाच्या अंगठीचा खडा चमकत होता, पेटीवाला भाता सोडताना खांदा किंचित कसा पाडतो हेही दिसत होतं. अण्णांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर सम धरत होता. एकदा इतक्या अनपेक्षितपणे समेवर आले गायक, की अण्णांच्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघालं आणि गायकानं थेट त्यांच्याकडं बघून मान लववली. सहा वर्षांनी कुणीतरी त्यांच्या दादेला उत्तर दिलं होतं. संयोजकांपैकी एक जण मध्ये येऊन वाकून विचारून गेला, "काही लागलं तर सांगा, पोरं आहेत." बहुतेक तोच फोनवरचा. आवाज तसाच मायेचा होता.

मध्यंतर लांबलं. दुसऱ्या भागात एक द्रुत, मग ठुमरी, मग अभंगाची फर्माईश. पावणेदहाला पडद्याआडून मामांनी खूण केली. दहाला त्यांची पाळी संपते, शटरची किल्ली त्यांच्याकडं, रात्रीचा माणूस पुढच्या दारावर बसतो. मी अण्णांच्या कानाशी लागून सांगितलं. त्यांनी मान हलवली. आम्ही बोळातून निघालो तेव्हा मागं तानपुरे पुन्हा मिळवले जात होते. शटर खाली आलं, आणि त्याच्या फटीतून अगदी बारीक, मैफल संपवणाऱ्या भैरवीचा पहिला स्वर ऐकू आला. अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. रिक्षावाला गाडी चालू करून उभा होता, इंजिनाच्या आवाजात पुढचं काही कळेना.

घरी आल्यावर पाणी प्यायले, दोन तांबे. मला म्हणाले, "पेटी काढ." रात्रीचे अकरा वाजत आले होते, शेजारी दिवे मालवलेले. मी हळूच भाता भरला. त्यांनी भैरवी वाजवली, जेमतेम पाच-सात मिनिटं, एका हातानं. मध्ये कुठंही त्यांना "आता भर" म्हणावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो कागद लिहायला बसलो. संयोजकांना आणि सभागृहाच्या कार्यालयात, दोन्हीकडं द्यायचा होता. मी "मागील बाजूस सोयीस्कर प्रवेश" असं लिहिलं तर अण्णांनी खोडायला लावलं. "सोयीस्कर कुणाला? इंच लिही." इंच लिहिले. पायऱ्या ९, रॅम्प १४ फूट आणि तीव्र, मोटारसायकली हटवाव्यात. मागचा उतार, बोळातला पत्रा, दिव्याचं बटण कुठं आहे. स्वच्छतागृहाचं दार २४ इंच. पहिल्या रांगेच्या डावीकडं चाकाच्या दोन खुर्च्या बसतील एवढी जागा, तिथून पेटी स्पष्ट ऐकू येते, तबला थोडा दबतो. हे शेवटचं त्यांनी सांगितलं. मी खाली तारीख टाकून पेनाला टोपण लावणार, तेवढ्यात म्हणाले, थांब, अजून एक ओळ राहिली. आणि मास्तरकीच्या आवाजात, शब्द तोडून तोडून, लिहून घ्यायला सांगितली.

मागचं दार रात्री दहाला बंद होतं. भैरवीच्या आधी निघावं लागतं.